शुक्रवारची लाईन

आमच्या बाबांशी फोनवर बोलता येत नाही. फोन कानाला लावला की ते समोरच्याला आधीच सांगून टाकतात, "हां, बरा हाय, ठेवतो," आणि ठेवून देतात. समोरचा काय म्हणाला ते त्यांना ऐकूच आलेलं नसतं. त्यांनी पस्तीस वर्षं पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून काढली. जॉबर म्हणजे लूम बिघडला की तो दुरुस्त करणारा मिस्त्री. लूमच्या खडखडाटात त्यांचे कान हळूहळू गेले. समोर बसून, तोंड नीट उघडून बोललं तर ओठांवरून त्यांना सगळं समजतं. आईच्या मते नको ते जरा जास्तच समजतं.

त्यांचे दोस्त एकच. त्यांना आम्ही चाचा म्हणतो. चाचा आझमगडकडचे, त्याच कारखान्यात लूम चालवायचे, आणि कान त्यांचेही गेलेले. लूम चालू असताना ओरडून उपयोग नसतो, म्हणून या दोघांनी हातांची आणि ओठांची आपली एक बोली करून ठेवली होती. शेठ आला, चहा सांग, आज घरी भांडण झालंय, सगळं ते चार लूम पलीकडून एकमेकांना हातांनी सांगायचे. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारी. चाचा नमाज पढून आले की तीन वाजता कारखान्याच्या ओट्यावर कॅरम मांडला जायचा आणि अंधार पडेपर्यंत दोघं एकमेकांच्या खेळाचा उद्धार करायचे.

मग चाचांचे गुडघे गेले आणि ते गावी मुलाकडे राहायला गेले. वर्षभरात बाबांनीही काम सोडलं. शुक्रवारी तीन वाजता बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायचे. जायचं कुठेच नसायचं. "लग्नाला बी एवढा येळेवर आला न्हवता," आई म्हणायची, पण हळू म्हणायची. मला तर ते बघवत नसे.

म्हणून मी शक्कल काढली. मी कशेळीच्या एका गोदामात डिस्पॅचचं काम करते, दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते, त्यामुळे मला यंत्रातलं सगळं कळतं असा घरात समज आहे. तो मीच पसरवला आहे. मी एक टॅबलेट आणला, त्यात कॅरमचा गेम टाकला. शेजारी स्टँडवर फोन, फोनवर व्हिडिओ कॉल. तिकडे चाचांच्या सुनेने तसंच सगळं मांडलं. माझी शिफ्ट सकाळची, त्यामुळे शुक्रवारी तीनपर्यंत मी घरी पोचायचे. पहिल्या शुक्रवारी पडद्यावर चाचा दिसले आणि बाबांचे दोन्ही हात आपोआप वर आले. खेळ राहिला बाजूला, वीस मिनिटं दोघं नुसते हातवारे करत होते. आवाज बंदच होता, त्याची गरज कोणाला होती? आई भाजी निवडता निवडता थांबली. तिचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

पण आमची नेटची लाईन धड नव्हती. ती आमच्या गल्लीतल्या केबलवाल्या काकांची, बहुतेक गल्लीला जी, तीच आम्हाला. खेळ ऐन रंगात आला की ती जायची. मिनिटभरात परत यायची, पण तेवढ्यात गेम संपलेला असायचा. कारण त्या गेमचा नियम असा की एकाची लाईन तुटली की दुसऱ्याच्या पडद्यावर अक्षरं यायची, 'आपका प्रतिद्वंद्वी खेल छोड़कर चला गया'. आणि हे नेमकं चाचांनी राणी घेतली, आता कव्हर घेणार, अशा वेळी व्हायचं. व्हिडिओही तिथेच गोठायचा. चाचांच्या पडद्यावर बाबांचं तोंड वेडावून दाखवल्यासारखं वाकडं व्हायचं आणि तसंच राहायचं.

एकदा झालं, दोनदा झालं. चौथ्या शुक्रवारी चाचांच्या सुनेचा मेसेज आला. चाचांनी सांगितलं तसं तिने लिहिलं होतं: 'मिस्त्री से कह देना, हारना मंज़ूर नहीं था तो खेलने बुलाया क्यों. इतने बरस में ऐसा कभी नहीं किया.'

बाबांनी तो दोनदा वाचला. "मी पळालो?" ते म्हणाले. "मी? रडीचा डाव मी खेळलो?" त्या रात्री बोंबलाचं कालवण त्यांच्या ताटात तसंच राहिलं. आमच्या घरात हे मयतीच्या दिवशीही झालं नव्हतं. मी सुनेला लिहिलं की नेटचा प्रॉब्लेम आहे. तिने चाचांना समजावलं. चाचा म्हणाले, नेट का बहाना है. त्यांच्या पडद्यावर तर स्वच्छ लिहून आलं होतं की समोरचा सोडून गेला, आणि जे लिहून आलं त्यावर विश्वास ठेवणारी ही पिढी. फोनवर बोलून समजूत घालावी, तर एकाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्यालाही नाही.

तेव्हा मी पदर खोचला. दुसरी लाईन घ्यायची, गेमिंगला चालेल अशी, आणि ती मी निवडणार.

बाजारात एका कंपनीने छत्रीखाली टेबल टाकलं होतं. टाय लावलेला एक जण पत्रकं वाटत होता. मी बाबांना घेऊन गेले. तो म्हणाला, तीनशेचा स्पीड आहे मॅडम, गेमिंगला एकदम मक्खन. बाबांनी त्याच्या ओठांकडे बघून घेतलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तुटते किती?"

"अंकल, तीनशे. थ्री हंड्रेड."

"ते धावते किती ते झालं. तुटते किती ते सांग ना."

मी शरमेने बाबांना बाजूला ओढलं. घरी येताना ते मला समजावत राहिले. म्हणे, शेठ लोक लूमचा स्पीड वाढवायला लावतात. लूम जोरात चालतो, शेठ खूश होतो. मग सुताच्या तारा तुटायला लागतात, प्रत्येक तारेला लूम थांबतो, आणि संध्याकाळी कापड कमीच भरतं. "बाबा, हा लूम नाही," मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाले.

खरं तर रात्री मी वाचायला बसले तेव्हा मला कळलं की गेमवाले लोकही तेच म्हणतात. गेमला स्पीड फारसा लागतच नाही. लागतं ते पिंग, म्हणजे आपल्याकडचा निरोप तिकडे जाऊन परत यायला किती वेळ घेतो ते. ते कमी पाहिजे, आणि सारखं पाहिजे. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे धोटाच की. हिकडून तिकडं आन् तिकडून हिकडं." लूममध्ये सूत घेऊन या टोकाचा त्या टोकाला पळतो तो धोटा. मी जे वाचायला तीन रात्री घालवल्या ते या माणसाला एका वाक्यात समजलं, याचा मला थोडा रागच आला.

असो. मी केबलवाल्या काकांची लाईन बंद केली. नुसती बंद केली नाही, तर त्यांना गल्लीत उभं करून पिंगवर भाषण दिलं. काका विहाराच्या कमिटीत आमच्या बाबांच्या शेजारी बसणारे. ते म्हणाले, "बरं बेटा, तुला कळतं ते कर." कंपनीची लाईन आली. रविवारी माझी सुट्टी, म्हणून रविवारी मी दिवसभर ती तपासली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पिंग वीसच्या वर गेलंच नाही. मी चाचांच्या सुनेला ताबडतोब लिहिलं, 'नई लाइन है, एकदम पक्की. चाचा को बोलो एक मौका दें.' चाचा मोठ्या मनाचे, हो म्हणाले.

शुक्रवारी बाबांनी दाढी केली, शर्ट बदलला. चाचा पडद्यावर आले. दोघांनी सलाम केला, जरा तुटकच. आणि अर्ध्या तासात ती लाईन सहा वेळा गेली. काकांची कधी इतकी गेली नव्हती. सहाव्या वेळी व्हिडिओ परत आला तेव्हा चाचांची खुर्ची रिकामी होती.

कारण काय, तर शुक्रवार. कारखाने बंद, गल्लीतला प्रत्येक माणूस घरी, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, प्रत्येकाचा व्हिडिओ चालू. आणि कंपनीने आजूबाजूच्या चार गल्ल्या खांबावरच्या एकाच डब्याला जोडलेल्या. रविवारी मात्र ही सगळी माणसं लूमवर उभी असतात आणि लाईन मोकळी पडलेली असते. माझी लाईन बाहेरच्या जगाच्या सुट्टीला तपासून झाली होती. बाहेरून आलेल्या कोणाकडून ही चूक झाली असती तर समजलं असतं. जॉबरच्या मुलीने, जिने शाळेत असतानासुद्धा शुक्रवारी अभ्यास केला कारण त्या एका दिवशी गल्लीत शांतता असायची, तिने शुक्रवार विसरावा! दिव्याखाली अंधार तो हाच.

पुढचे दोन शुक्रवार चाचांनी फोन उचलला नाही. मग सुनेचा मेसेज आला, 'अब्बा कहते हैं, अब मन नहीं है.' बाबांनी फोनचं स्टँड घडी करून कपाटावर ठेवून दिलं. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि चूक माझी आहे असं सरळ सांगितलं. सांगताना मला रडू आलं. इतक्या वर्षांची दोस्ती, आणि तिला शेवटचा धक्का माझ्या शहाणपणाने दिला होता.

"तपासली कवा होतीस?" त्यांनी विचारलं.

"रविवारी."

बाबा हसायला लागले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसले. "अगं, लोड नसताना लूम बरोबरच चालतो. भरला माल लावून बघायचा असतो." मग म्हणाले, "येत्या शुक्रवारी मी बघतो."

त्या शुक्रवारी तीन वाजता बाबा टॅबलेट काखेत मारून निघाले, मागून मी. ज्याच्या घरी वेगळी लाईन असेल त्याच्या दारात उभं राहून ते ओरडायचे, "तुमच्या लाईनीवर जरा बसू का?" मास्तरांच्या घरी बसलो, शिंपीकाकांकडे बसलो, माझ्या मावशीकडे बसलो. प्रत्येक घरी चहा. प्रत्येक घरी अर्धा तास कोणा अनोळखी माणसाबरोबर कॅरमचा एक डाव. बाबांचं लक्ष मात्र सोंगट्यांवर नसायचं. कोपऱ्यात पिंगचा आकडा दिसतो तो मी त्यांना दाखवून ठेवला होता. त्याच्याकडे ते टक लावून बघायचे आणि बोटांच्या पेरांवर तुटलेलं मोजायचे. लूमही ते असेच तपासायचे म्हणे, कापडाकडे न बघता. "पोरगी बघायला चाललात का हो मिस्त्री?" असं कोणीतरी विचारलंसुद्धा.

शेवटचं घर कंपाउंडरचं, दवाखान्याच्या रस्त्याला पाठ करून उभं असलेलं. तिथे बाबा दोन डाव खेळले. पेर एकही मोडलं नाही. साडेपाच वाजले होते, गल्ली व्हिडिओंनी भरून वाहत होती, आणि आकडा जागचा हलत नव्हता. मी कंपाउंडरना विचारलं, ही कुठल्या कंपनीची?

"कंपनी कसली? आपल्या केबलवाल्याचीच."

मी म्हटलं, शक्यच नाही. ते म्हणाले, त्यांची लाईन मागच्या डब्यावरून येते. त्या डब्यावर दवाखाना आणि दुकानं. शुक्रवारी तिकडे सगळं बंद. शिवाय दवाखान्यासाठी काकांनी त्या डब्याला बॅटरी लावलेली, लाईट गेली तरी चालू. मी इतके दिवस पत्रकं चाळून कंपनी निवडत होते, आणि निवडायचा होता तो डबा. "मालक कोण त्यावर जाऊ नये," बाबा कपबशी खाली ठेवत म्हणाले, "लूम बघावा."

काकांकडे मला एकटीला पाठवलं. "भाषण तू दिलंस, तूच जा," आई म्हणाली. काकांनी मला दारात बघितलं आणि हात जोडले. "जय भीम, मॅडम. आज कशावर भाषण?" मी मान खाली घालून सगळं सांगितलं. चाचांचं सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली. "आधी न्हाय सांगायचं? मला वाटलं तुला पिक्चर बघायला पायजे. मिस्त्रीसाठी म्हणशील तर दवाखान्याचा डबा उचलून तुमच्या घरात आणून ठेवीन."

डबा उचलावा लागला नाही, पण वायर तीन गच्च्यांवरून आणावी लागली. त्यातली मधली गच्ची एका बाईंची, ज्यांच्याशी आई पाण्यावरून झालेल्या भांडणामुळे दोन वर्षं बोलत नव्हती. आई गेली. तासाभराने आली ती हातात त्यांनीच दिलेल्या शेवग्याच्या शेंगा घेऊन. काय बोलणं झालं ते तिने आजवर सांगितलेलं नाही.

नवीन लाईन आली तरी बाबांनी मला चाचांना कळवू दिलं नाही. एक शुक्रवार तपासली. मग दुसरा शुक्रवार तपासली. मग कपाटावरचं स्टँड स्वतः काढलं, मला म्हणाले, "माझा व्हिडिओ काढ." शब्द एक नाही. फक्त हात. डाव्या हाताची दोन बोटं ताणून धरली, उजव्या हाताने मधोमध झटका दिला, तळवा उभा केला. मग छातीवर हात ठेवून मान नाही अशी हलवली. मला अर्थ सांगावा लागला नाही. तार तुटली, लूम थांबला, मी थांबवला नाही. मी तो पाठवला. कितीही मेसेज लिहून जे सांगता आलं नव्हतं ते दहा सेकंदांत सांगून झालं होतं. तिकडून उत्तर आलं नाही. शुक्रवारी तीनला पाच कमी असताना फोन मात्र वाजला.

त्याला आता सात-आठ महिने झाले. लाईन एकदाही तुटलेली नाही. चाचा लवकर येऊन बसतात, बाबा त्याहून लवकर. भांडणं पूर्वीसारखी, म्हणजे भरपूर.

फक्त अलीकडे माझ्या एक गोष्ट लक्षात आली. व्हिडिओत चाचांचा उजवा हात थरथरताना दिसतो. पडद्यावर बोट ठेवून नेम धरतात तेव्हा स्ट्रायकरची रेघ हलत राहते. सुनेने लिहिलं होतं, डॉक्टर बोले हैं, बढ़ेगा. चाचांच्या सोप्या सोंगट्या चुकू लागल्या. आणि मग इकडे बाबांच्याही चुकू लागल्या. पॉकेटच्या तोंडाशी असलेली राणी, डोळे मिटून जाईल अशी, बाबांनी भलतीकडेच मारली. चाचांनी ती थरथरत्या हाताने घेतली, कव्हर घेतलं, डाव जिंकला, आणि खुर्चीत मागे रेलून पोटभर हसले. मग हातांनी विचारलं, क्या हुआ मिस्त्री?

बाबांनी टॅबलेटकडे बोट दाखवलं आणि दोन बोटं ताणून मधे झटका दिला. लाईन.

चाचांनी हात उडवला. बहाना! त्यांच्या ओठांवरचा तो शब्द मलासुद्धा वाचता आला. याच शब्दामुळे बाबांनी जेवण टाकलं होतं. आता ते मान डोलावून तो झेलत होते आणि हसत होते.

मी आकडा बघितला. अठरा. जागचा हललेला नव्हता. मी बाबांच्या समोर जाऊन, तोंड नीट उघडून विचारलं, "लाईन खरंच अडकली?"

"हां," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "लय खराब हाय. केबलवाल्याला सांग."

मी म्हणाले, "सांगते."